मिरचीच्या वाफ्यातली संगीन

खिशाला परवडेल अशी जुनी लष्करी संगीन आपल्या संग्रहासाठी शोधत कुलदीपनं हैदराबादचे सगळे भंगारवाले पालथे घातले होते. शेवटी ती दिसली नल्लकुंट्यातच, शेजारच्या तारामतीआजींच्या हातात. तिच्या टोकानं माती उकरून आजी मिरचीची रोपं लावत होत्या.

"आजी, ही काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू आहे! मला द्या, तुम्हाला नवं खुरपं आणून देतो."

"नक्को रे," आजी म्हणाल्या. "रझाकारांच्या वेळी माझ्या बापाच्या पोटातून काढलेली आहे ही. तेरावा झाला आणि आईनं हिला मिरचीच्या वाफ्यात कामाला लावलं. खंडेनवमीलासुद्धा आम्ही हिला खुरप्यांमध्येच मांडतो."

त्यांनी पुढच्या रोपासाठी खळगा केला.

"कपाटात नुसती बसून राहिली, तर जुनं काम आठवेल तिला."