अर्धी ओळ

"बाबा, इथूनच परत फिरा," सम्यक तिसऱ्यांदा म्हणाला. "सपना तुम्हाला पायथ्याच्या गावात सोडेल."

धोंडिराम दगडावर बसून गुडघा चोळत होता. वय चौऱ्याहत्तर, जंगलातला दुसरा दिवस, आणि गुडघा सुजून टम्म झालेला. "तू हो पुढं. मी येतो मागनं," एवढंच तो म्हणाला.

घाटकोपरहून निघतानाच सम्यकने बापापुढे हात टेकले होते. हा माणूस आयुष्यात कधी लेणी बघायला आला नव्हता. कान्हेरी घरापासून तासाभरावर, पण तिथेही दर वेळी 'बघू पुढच्या खेपेला' ठरलेलं. आणि आता तीन दिवसांच्या रानवाटेसाठी लहान पोरासारखा हटून बसला होता. आईने, शकुने, समजूत घालावी, तर तिने उलट त्याची पिशवीच भरून दिली. मेणबत्त्या, काडेपेटी आणि डबाभर सुकडी, भाजल्या पिठाची, दुष्काळात सरकार वाटायचं तसली. "आधी मेणबत्ती लावा, मग बाकीचं," तिने नवऱ्याला दोनदा बजावलं.

सगळा खटाटोप एका दगडासाठी होता. सम्यक मुलुंडच्या रविवारच्या वर्गात धम्मलिपी, म्हणजे लेण्यांमधली ब्राह्मी, शिकला होता. गेल्या वर्षी याच रानात, एका ओस पडलेल्या लेण्याच्या खालच्या अंगाला, त्याला जमिनीत अर्धा पुरलेला दगड दिसला. त्यावर जुन्या लिपीतली अर्धी ओळ, बाकीची मातीत. मागे धोंड्यांचा लहानसा ढीग. हा स्तूपच असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. वर्ग घेणाऱ्या विद्याधर सरांनी मात्र फोटो पाहून मान हलवली.

"ही लेण्यातल्या दानलेखाचीच मधली अक्षरं आहेत. शब्दसुद्धा अर्ध्यात सुरू होतोय. लिपी न येणाराच असं कोरेल. पूर्ण ओळ आण, मग बोलू."

वर्ग हसला. चाळिशीतल्या सम्यकला ते हसणं अजून झोंबत होतं. या वेळी निघण्याआधी त्याने तो फोटो घरी मोठा करून दाखवला, तेव्हा शकु चहा टाकते म्हणून आत गेली. चहा उतू गेला तरी ती बाहेर आली नाही. धोंडिराम फोटो बघत राहिला आणि म्हणाला, "मी येतो."

दुपारी झाडीत फरसबंदीसारखे दगड लागले. ट्रेकच्या गटाची म्होरकी सपना हरखून गेली. "सम्यक, बघ ना यार. जुना व्यापारी मार्ग असणार हा."

"दुष्काळी कामाचा रस्ता हाय," धोंडिराम मागून लंगडत येत म्हणाला. "बहात्तरचा. पुढं दरड आली, तिथं सोडून दिला."

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"खडीवरनं."

तीस वर्षं महापालिकेच्या रस्त्यांवर काढलेला माणूस तो. त्याचं म्हणणं कोणी खोडून काढलं नाही. अर्ध्या तासाने दरड लागली आणि रस्ता खरोखरच संपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सम्यकलाही बापाचं कौतुक वाटलं.

मुक्कामाला टेकल्यावर सम्यकने सुकडीच्या डब्याला हात घातला. धोंडिरामने डबा ओढून घेतला.

"ती आपल्यासाठी न्हाई."

बुद्धापुढे ठेवायची असेल, असं सम्यकला वाटलं.

"सम्यक, तो दगड हाय तसा राहू दे."

"बाबा, नुसती माती बाजूला करायचीय."

"मी सांगतो म्हणून."

"पण का? कारण सांगा ना."

धोंडिरामने सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. सम्यक हा लग्नानंतर चौदा वर्षांनी झालेला एकुलता एक मुलगा. त्याला कशालाही नाही म्हणणं बापाला कधी जमलं नव्हतं. आताही जमेना.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला लेणं दिसलं. सम्यक वर गेलाच नाही. तो सरळ दगडापाशी गेला आणि त्याने पाठपिशवीतून खुरपं काढलं.

"नको रे," सपना म्हणाली. "हात लावायचा नाही, ठरलंय आपलं. पुरातत्त्व खात्याला कळवू."

"चार बोटं माती गं फक्त."

धोंडिराम काठी टेकत पोचला तेव्हा खुरपं चालू झालं होतं. तो उभाच राहिला. "थांब," तो म्हणाला, पण धाप लागलेली, आवाज फुटला नाही. सपनाने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याला दिसलीसुद्धा नाही.

माती बाजूला झाली. सम्यक एकेक अक्षर बोट ठेवून वाचत गेला. चार अक्षरं, पाचवं अर्धं, आणि पुढे कोरा दगड. टाकी तिथेच थांबली होती. सरांचं खरं होतं, ओळीला अर्थच नव्हता. त्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"मग ढिगाखालीच काहीतरी असेल," तो म्हणाला आणि त्याने वरचा धोंडा उचलला.

तेव्हा धोंडिराम पुढे झाला. सुजलेला गुडघा तसाच जमिनीला टेकवून तो दगडापुढे बसला. त्याने मेणबत्ती लावली, डबा उघडला आणि चिमूटभर सुकडी दगडाच्या पायाशी ठेवली.

"बाबा, बुद्धमूर्ती वर आहे. लेण्यात."

"म्हाईत हाय. तिथलीच अक्षरं बघून मी ही कोरली. तुझ्या आईला कायतरी लिहिलेलं पायजे होतं, आन मला लिहाय येत नव्हतं." त्याने मुलाच्या हातातला धोंडा काढून घेतला आणि पुन्हा जागेवर ठेवला. "तुझी थोरली बहीण हाय खाली. नाव ठेवायच्या आतच गेली."