तांब्याभर पाणी

माझी आई, केवळाबाई, आम्हा सगळ्यांना विसरली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी तिची जनुकं तपासून फक्त तिच्यापुरतं औषध बनवलं. जुळवून बघायला रक्त माझं घेतलं.

औषध लागू पडलं. तिनं सून ओळखली, नात ओळखली. माझ्यापुढं मात्र पाण्याचा तांब्या ठेवला.

"कोण्या गावचे, पाव्हणे?"

"आई, मी श्रीमंत."

"श्रीमंत केळीच्या मळ्यात गेलाय. बसा, येईलच."

डॉक्टर फोनवर म्हणाले, "रक्त तर मायलेकाचंच आहे."

मग मी खुळ्यासारखा मळ्यात जाऊन पाहून आलो. तिथं कोणीच नव्हतं.

परत आलो, तर बायको डोक्यावर पदर ओढून उंबऱ्यात उभी. हातात तांब्या.

"बसा, पाव्हणे," ती म्हणाली. "मालक आताच मळ्यातून आलेत. आत जेवायलेत."