शेवटच्याने फाटक बांधायचं

शिखरावरच्या दगडांच्या ढिगात लॅकलनच्या आठवणीचा एक दगड ठेवून आम्ही तिघं धुक्यातून खाली उतरलो. गेल्या हिवाळ्यात तो याच डोंगरावर बर्फात गाडला गेला. पायथ्याच्या कुंपणातून बाहेर पडताना शेवटच्याने फाटक बांधायचं, हा इथला नियम. मागे रेंगाळायचा लॅकलनच, त्यामुळे ते काम कायम त्याचं. गाडीपाशी बूट काढताना इशबेलने विचारलं, "स्ट्रुअन, शेवटी तू होतास. फाटक बांधलंस ना?" "नाही. मागून लॅकलन येत होता ना," तो सवयीने बोलून गेला आणि पांढराफटक पडला. "गाढवा, काहीतरी बरळू नकोस! मेंढ्या रस्त्यावर येतील." "शप्पथ गं. मागे पावलं वाजत होती." आम्ही मोज्यांवरच चिखलातून परत धावलो. फाटक बंद होतं आणि निळ्या दोरीला लॅकलन मारायचा तशीच दुहेरी गाठ होती. इशबेलने हळूच ती चाचपली. गाठ पलीकडून मारलेली होती, डोंगराच्या बाजूने.