विकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं

"अजून एक हात मारा," प्राध्यापक रंगाऱ्याला म्हणाले. "आणि खिडक्या उघड्या ठेवा. उद्या गिऱ्हाईक येतंय, तोवर वास जायला हवा."

बाथरूमला लागून असलेली ती भिंत तीन वर्षं ओली होती. वर बुरशी, खाली पोपडे. त्या ओलीने बायकोचा दमा बळावला आणि डॉक्टरांनी घर सोडायला सांगितलं. पण बघायला येणारा प्रत्येकजण भिंतीपाशी नाक मुरडे आणि परत जाई. भाव निम्म्यावर आला, तरी घर कुणी घेईना. प्राध्यापकांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंना दोनदा विचारलं होतं. "आमचं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे हो," काकू दाराच्या फटीतूनच म्हणाल्या होत्या, "इमारतच सडलीय." आत जाऊन बघावं, एवढंही त्या विद्वानाला सुचलं नाही.

आणि कॉलेजात अर्थशास्त्र म्हणून शिकवत काय होते, तर हेच! विकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, घेणाऱ्याला काहीच नसतं. म्हणून बाजारात नासका माल तग धरतो आणि चांगला माल गाशा गुंडाळतो. पंचवीस वर्षं मुलं हे वहीत उतरवून घेत होती. आता गुरुजी स्वतः ते भिंतीवर गिरवून घेत होते.

"अहो, त्याला भिंतीचं सांगा," बायको खोकत म्हणाली. "घरात लहान मूल असलं म्हणजे?"

"सांगायला मी काय खुळा आहे? देवाने डोळे त्यालाही दिलेत."

बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर शरमेने मेला असता. प्राध्यापकांनी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक वेळेवर आलं. तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात करारनामा तयार. त्याने ना भिंतीला हात लावला, ना नळ सोडून बघितला. "भाव जाहिरातीतलाच ना?" एवढंच विचारलं. प्राध्यापकांना हसू आवरेना. असे ठोंबे आहेत म्हणून तर आमचं शास्त्र चालतं! छापलेला भाव आता वाढवता येत नाही, एवढीच काय ती त्यांना हळहळ. त्याचं मन बदलायच्या आत त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. सह्या झाल्या. बायको आत निघून गेली.

प्राध्यापक निरोप द्यायला दारापर्यंत गेले. "जिन्यात अंधार आहे, जपून उतरा," ते प्रेमाने म्हणाले.

पण गिऱ्हाईक उतरलं नाही. दोन-दोन पायऱ्या गाळत ते वर गेलं. वरचं दार सताड उघडल्याचा आवाज आला.

"झालं का रे?" काकूंनी विचारलं.

"झालं, आत्या. निम्म्या भावात. आता तुझ्या बाथरूममधला तो फुटका पाइप बदलून घे."