पाण्याखालचं दार

"चित्रं कुठं आहेत?" प्रदर्शनासाठी चित्रं निवडायला आलेल्या बाईंनी धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारलं.

"ही काय, समोर," रंगारी म्हणाला.

समोर पाण्यात अकरा होड्या डुलत होत्या. राखाडी, मळक्या, कुणी वळूनही बघू नये अशा. बाईंनी एकदा होड्यांकडे पाहिलं, एकदा रंगाऱ्याकडे. बेटावरचा हा चित्रकार जरा चक्रम आहे, हे त्यांच्या कानावर होतं. किती, तेवढं कळायचं होतं.

"वर नाही हो. बुडाला काढलीत."

पहिल्याच होडीत रंगाऱ्याची वहिनी दोराची गाठ सोडवत बसली होती. ती हसली. "वर्षातून पंधरा दिवस होड्या किनाऱ्यावर ओढतो, बाई. चिकटलेले शिंपले खरवडायचे, भावोजींनी नवं चित्र काढायचं, की पुन्हा पाण्यात. महिनाभर आधी आला असतात, तर उन्हात बसून चहा पीत पाहिली असतीत. भावोजी, पत्रात लिहिलं नाहीत का तुम्ही?"

"मुद्दामच नाही लिहिलं."

प्रदर्शनाची हौस त्याला नव्हती असं नाही. पण त्याहून मोठी एक गोष्ट त्याला जाणून घ्यायची होती, आणि ती पाण्याखाली गेल्याशिवाय कळणारी नव्हती. पंचाईत अशी, की त्याला पोहता येत नव्हतं. जन्म बेटावरचा, पण पाणी गुडघ्यावर आलं की चेहरा पांढराफटक. वीस वर्षांत स्वतःचं एकही चित्र त्यानं त्याच्या जागेवर पाहिलं नव्हतं. बेटावरच्यांना विचारावं, तर "झकास!" म्हणून सगळे मोकळे. त्याला असं माणूस हवं होतं, ज्याचं पोटच नीट बघण्यावर चालतं.

"एवढा खटाटोप करायचा, आणि जिथं कुणी बघणार नाही तिथं?" बाईंना राहवेना.

रंगारी नखातला निळा रंग खरवडू लागला.

"दादा बुडाला, त्या दिवशी तिथं सहा होड्या होत्या. सगळ्यांची बुडं काळी. खालून वर बघताना आपली कुठली, ते त्याला कळलं नसेल."

वहिनीचे हात दोरावरच थांबले. मग ती एकदम उठली. "माझा जुना गाऊन देते, बाई. आणि पोहायचा चष्मा. आवरा लवकर, चारची बोट चुकली तर उद्यापर्यंत आमचीच तोंडं बघत बसाल."

गाऊन बाईंना दोन माणसं मावतील एवढा होता. त्यांनी त्याला कमरेशी गाठ मारली आणि वहिनीच्या होडीला धरून पाण्यात उतरल्या. रंगाऱ्यानं धक्क्यावरचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला. जणू बुडी तोच मारणार होता.

बाई वर आल्या त्या बोलतच. "काय निळा जमलाय हो, काका! चौकट, उंबरा, बाजूला पाण्याची कळशी... लाट आली की अख्खं घर हलतं! मी हे भिंतीवर लावू कसं?"

"ते राहू द्या. ज्याची होडी, त्याच्या घरचं दार काढतो मी; हे दादाचं. कसं दिसतं तेवढं सांगा. उघडं दिसतं का?"

बाई तोंड उघडणार होत्या. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते मिटलं, चष्मा नीट बसवला आणि पुन्हा बुडी मारली. या वेळी बराच वेळ नुसते बुडबुडेच येत राहिले. वहिनी कडेवरून वाकून बघत होती. खालून दार कसं दिसतं, हे तिलाही कधी कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

बाईंनी वर येऊन होडीची कड पकडली. धाप ओसरेपर्यंत थांबल्या.

"उघडं नाही, काका. खोटं कशाला सांगू? बंदही नाही. नुसतं लोटलेलं आहे. ढकललं की उघडेल असं."

रंगाऱ्याचा चेहरा पडला. "मी तर सताड उघडं काढलं होतं. किनाऱ्यावर दिसत होतं तसं. बुडाच्या गोलाईनं घात केला." तो मान हलवत राहिला. "वीस वर्षं चुकतोय म्हणजे. पुढच्या खेपेला दाराची फळी आणखी मागे घेतो, आत उजेड वाढवतो, मग..."

"हात लावू नका त्याला," वहिनी म्हणाली.

तिनं दोर पुन्हा खुंट्याला गुंडाळायला घेतला होता. वर न बघता ती म्हणाली, "ह्यांना यायला उशीर झाला, की मी दार तस्संच ठेवायची. लोटून. कडी तर अजून घालत नाही."