टिल्लूचं रंगकाम

टिल्लूचं ढुंगण लालभडक झालं होतं.

आजोबांनी डायपर उघडला आणि तसाच हातात धरून ठेवला. उभा जन्म भिंती रंगवण्यात गेलेला रंगारी माणूस. लाल रंगाच्या सगळ्या छटा त्यांना तोंडपाठ, पण हा लाल त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा बघितला. दोष कोणाचा, हे कोणाला विचारायला नको होतं. लेक सकाळी कामावर गेली तेव्हापासून नातू गाढ झोपला होता. झोपलेल्या लेकराला उठवायचं कशाला, म्हणून त्यांनी ओला डायपर दुपारपर्यंत तसाच राहू दिला. आता तो चांगला जड झाला होता आणि आतून कसलंसं पांढरट लागलं होतं. पावडर असेल, असं म्हणून त्यांनी तो गुंडाळून टाकला. पहिल्याच दिवशी माशी शिंकली होती.

जावई जहाजावर होता. बाळंतपणाची रजा संपवून लेक आजच चष्म्याच्या दुकानात पुन्हा रुजू झाली होती. लोकांचे डोळे तपासायचं तिचं काम. आठवडाभर बाबा सांभाळून बघतील, नाहीच जमलं तर पाळणाघर आहेच, असं ठरलं होतं. त्यासाठी आजोबा सकाळीच बॅग घेऊन आले होते. एकट्या घरात भिंतींशी बोलून कंटाळलेल्या माणसाला हा आठवडा म्हणजे लॉटरीच लागली होती.

त्यांनी टिल्लूला खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान गाठलं.

"घाबरू नका आजोबा, बाळांना होतं असं," दुकानातली बाई म्हणाली. "वाइप्स नकोत, साबण नको. कोमट पाण्याने धुवा आणि मऊ कापडाने नुसतं टिपा, घासू नका. थोडा वेळ उघडंच राहू दे, वारा लागू दे. पूर्ण कोरडं झालं की हे झिंकचं मलम जाड लावा. आणि डायपर लवकर लवकर बदला. फोड आले, ताप आला, किंवा दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर मात्र सरळ डॉक्टर."

"ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तसंच की."

"तसंच," बाई हसून म्हणाली.

मग आजोबांनी काम हातात घेतलं. टिल्लूला खिडकीजवळ जाड चादरीवर पालथं घातलं. त्याने पाय झाडले, उताणा झाला आणि आजोबांच्या शर्टावर नेम धरून कारंजं सोडलं. "सोडा साहेब, सोडा," आजोबा म्हणाले, "भिंत तुमची, पाणी तुमचं." पुन्हा धुणं, पुन्हा टिपणं, पुन्हा वाट बघणं आलं. घाई करणारा रंगारी दुसऱ्या वर्षी त्याच भिंतीसमोर उभा असतो, हे ते जाणून होते. शेवटी त्यांनी मलम असं सफाईने लावलं की खालचा लाल कुठे दिसेना. जाड लावा, असं बाई म्हणालीच होती. लेकीला काही कळणार नाही, हा त्यातला फायदा बाई बोलली नव्हती. आजोबांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी डबी बॅगेत, जुन्या ब्रशांच्या खाली दडवली.

संध्याकाळी लेक आली आणि टिल्लूला घेऊन आतल्या खोलीत गेली. आजोबा जीव मुठीत धरून बसले. ती बाहेर आली ती हसतच, आणि स्वयंपाकाला लागली. दमून येते बिचारी, लक्ष जात नसेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी ती गेल्यावर त्यांनी डायपर उघडला, तर मलम जिथल्या तिथे. "काय टिकाऊ माल आहे रे," ते टिल्लूला म्हणाले. "असा रंग मिळाला असता तर मी उपाशी मेलो असतो." एखाद्या भिंतीबद्दल हे कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मन खात असलं की माणूस मालावर शंका घेत नाही.

रोज तेच चाललं. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीही फिकट होत गेला. शुक्रवारी ढुंगण इतकं नितळ दिसायला लागलं की आजोबांनी त्यावर एक हलकी चापटी मारली, आणि टिल्लू बोळकं पसरून हसला.

त्याच दिवशी सकाळी बूट घालता घालता लेक म्हणाली होती, "बाबा, संध्याकाळी जरा बोलायचंय. तुम्हाला आवडणार नाही, पण ऐकाल ना?"

दुपारी आजोबांनी जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलं. बोलणं पाळणाघराचंच असणार. ती आली, टेकली, तेवढ्यात त्यांनी मलमाची डबी तिच्यापुढे ठेवली.

"तू बोलायच्या आधी मीच सांगतो. सोमवारी ह्याला ओल्यातच ठेवलं मी. लाल झाला होता. तुझ्यापासून लपवलं. आता बरा आहे, पण चूक माझी. तू काय ठरवशील ते मला मान्य आहे."

लेकीने डबी उचलून बघितली. मग तिने पर्स उघडली आणि तश्शीच एक डबी काढून शेजारी ठेवली. तिचा तळ दिसत होता.

"बाबा, हे रविवारपासूनच होतं," ती हळूच म्हणाली. "नवे वासाचे वाइप्स आणले होते ना मी, त्याने झालं. रोज जाताना आणि आल्यावर मलम थापत होते. तुम्हाला कळलं असतं तर म्हणाला असतात, लेकराची ही दशा, आणि ही निघाली नोकरीला."

आजोबा एकदा ह्या डबीकडे, एकदा त्या डबीकडे बघत होते. टिकाऊ मालाचं कोडं त्यांना उलगडलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले.

"आणि पाळणाघराचं?"

"कसलं पाळणाघर?" लेक म्हणाली. "उद्या तुम्हाला दुकानात न्यायचं म्हणत होते. एवढं लालभडक ढुंगण समोर असून बाबांना दिसलं नाही, म्हणजे चष्म्याचा नंबर नक्की वाढलाय, असं वाटलं मला."