दोन नव्या डिस्क

“कुठून घ्यायचं आणि कुठे टाकायचं, एवढंच लिहायचं?” बाईंनी कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरच्या एकुलत्या एका ओळीत जवळजवळ नाक खुपसलं.

“एवढंच,” दुरुस्तीवाला म्हणाला. “फक्त अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सगळं साफ. ही कमांड पुन्हा विचारत बसत नाही.”

“मग तुम्ही पुन्हा वाचा,” बाईंच्या शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले.

त्याने निमूटपणे पुन्हा वाचलं. जुनी डिस्क मनात येईल तेव्हाच चालू होत होती. या दोघांच्या मुलीची पहिली पावलं, बोबडे बोल, शाळेतली नाटकं, सगळं तिच्यातच होतं. दुसरीकडे कुठेही नव्हतं. डिस्कने आता मान टाकली असती, तर मुलीचं लहानपणच गेलं असतं.

त्याने एंटर दाबलं.

“एकेक फाईल का नाही उचलत?” बाईंनी विचारलं.

“ते म्हणजे घर हलवताना एकेक चमचा वेगळा नेणं. ही अख्खं घर उचलते, रिकाम्या कोपऱ्यांसकट. शिवाय तिला घास मोठा घ्यायला सांगितलाय, म्हणून भराभर चाललंय.”

“मोठे घास घेऊ नका, हे मी यांना जन्मभर सांगत आले.”

“आणि मी जन्मभर ऐकत आलो,” गृहस्थ म्हणाले.

दुरुस्तीवाल्याला गंमत वाटली. गिऱ्हाइकं डिस्क टाकून निघून जातात. ही दोघं एका बाकावर बसून, एकाच बाटलीतलं पाणी पीत पडद्याकडे बघत होती. त्याचं स्वतःचं लग्न ठरलं होतं. आपलंही असंच जमावं, असं त्याला मनापासून वाटलं.

पहिली नवी डिस्क भरली. तिच्यावरून त्याने दुसरी भरायला घेतली. खरं तर एकीने भागलं असतं, पण दोघांनी दोन आणल्या होत्या, त्याही अगदी सारख्या.

“एखादा फोटो एकीत आहे आणि दुसरीत नाही, असं नको हं व्हायला,” बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

“थांबा, पडताळूनच दाखवतो.”

दोन्ही डिस्क ताडून बघणारी कमांड चालली आणि संपली. पडद्यावर काहीच उमटलं नाही.

“काय झालं?” बाई बाकावरून उठल्या.

“काही नाही. फरक असता तर बोलली असती. गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक.”

“आमच्याकडे उलटं असायचं,” गृहस्थ म्हणाले. बाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी रुमालाने डोळे पुसले. सुटकेचं पाणी असणार, असं दुरुस्तीवाल्याला वाटलं.

दोन्ही डिस्क एका पिशवीत घालता घालता तो म्हणाला, “एक सांगू? या दोन्ही एकाच घरात ठेवू नका. आग लागली, चोरी झाली, तर एकदमच जातील.”

“वेगवेगळ्याच द्या,” बाई म्हणाल्या. “एक मला, एक यांना. कालच घटस्फोट झाला आमचा. एवढीच वाटणी राहिली होती.”